खाडीची मोजदाद

ट्रॉम्बे म्हटले, की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर अणुभट्टीचा घुमट आणि तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या उभ्या राहतात. हे चित्र खोटे नाही. पण ते उण्यापुऱ्या सत्तर वर्षांचे आहे. त्यापूर्वी कितीतरी शतके हे 'तुर्भे' नावाचे बेट होते. खाडीपलीकडे नव्या मुंबईत आज जे तुर्भे आहे ते निराळे. ह्या लेखात मी तुर्भे म्हणेन ते अलीकडचे, चेंबूरच्या पुढचे. साष्टीच्या आग्नेय अंगाला पाण्याने आणि चिखलाने तोडलेला हा भूभाग, आणि त्याच्या पाठीवर सुमारे हजार फूट उंचीचा एक लांबट डोंगर. बंदरात शिरणाऱ्या इंग्रज खलाशांना हा डोंगर बैलाच्या जिभेसारखा दिसे आणि तेच नाव त्यांनी त्याला देऊन टाकले होते.

ह्या प्रदेशाची एक गंमत आहे. येथून पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला बंदर आणि घारापुरीचे बेट, उत्तरेला मानखुर्द-देवनारची तिवरे, आणि पावसाने हवा धुतलेली असेल तर त्यांच्याही मागे कान्हेरीच्या डोंगरांची निळी रेघ, असा सगळा पसारा आसपास मांडलेला आहे. झरे डोंगरात उगम पावतात, लेण्यांजवळून वाहतात, तलावांत साठतात, शहरातून वाट काढतात आणि शेवटी खाडीच्या चिखलात येऊन मिळतात. पाण्याच्या लेखी हा एकच संसार आहे. कचेऱ्यांच्या लेखी मात्र त्याचे बारा वाटे झालेले आहेत. वनखाते, पालिका, बंदर, पुरातत्त्व, अणुऊर्जा, शिवाय खाडीच्या दोन तीरांवर दोन निरनिराळी शहरे!

मी ह्या उपनगरांत आयुष्याची बरीच वर्षे काढली आणि इतिहासाच्या नादाने हा मुलूख पायी हिंडलो. हिंडताना एक प्रश्न मनाला चिकटला तो चिकटलाच. ह्या संसाराची मोजदाद कोणी केली? एकट्याने केली की दहाजणांनी मिळून? आणि ती निर्णयाच्या आधी झाली की निर्णय होऊन गेल्यावर? ह्यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढील हकिगतींवरून वाचकांना दिसेल.

प्रारंभ डोंगरापासून करू, कारण पाण्याचा प्रारंभ तेथेच आहे. कान्हेरीचा शिलालेखांतला उल्लेख 'कण्हगिरी' असा आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि पुढे हजारेक वर्षे ह्या ठिकाणी वस्ती राहिली. शंभरांहून अधिक लेणी ह्या एका डोंगरात आहेत. पाहुणे चैत्यगृह पाहतात, एकेचाळिसाव्या लेण्यातील अकरा मुखांचा अवलोकितेश्वर पाहतात आणि परततात. माझे वाचकांना सांगणे असे, की पुढच्या खेपेस तेथे जाल तेव्हा भिंतींवरून नजर थोडी खाली आणावी. खडकाच्या उतारावर बोटभर, वीतभर खोलीच्या पन्हाळी कोरलेल्या दिसतील. वरून येणारे पावसाचे पाणी त्या अडवतात, वळवतात आणि लेण्याच्या दाराशी असलेल्या टाक्यात नेऊन सोडतात. ह्या टाक्याला शिलालेखांत 'पोढी' असा शब्द आहे. चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरडा कातळ अशा जागी शेकडो भिक्षूंचा निर्वाह ह्या पोढींवर झाला.

छिन्नी लावण्यापूर्वी कोणीतरी येथे पावसाळ्यांमागून पावसाळे बसून पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे पाहिले असलेच पाहिजे. नाहीतर इतक्या बिनचूक पन्हाळी निघत्या ना. आणि हे काम कोणा एकट्याचे नव्हे. दानलेखांत कल्याण, सोपारा, चौल अशा गावांची नावे येतात. दाते व्यापारी आहेत, सोनार आहेत, भिक्षू-भिक्षुणी आहेत. पैसा एकाचा, कसब दुसऱ्याचे, निरीक्षण तिसऱ्याचे. आधी मोजणी आणि मग घाव, हा क्रम ह्या कातळावर कायमचा कोरलेला आहे.

दहाएक वर्षांपूर्वी कान्हेरीच्याच रानात आणखी सात लेणी उजेडात आली. प्राचीन इतिहासाचे अभ्यासक सूरज पंडित आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ती शोधली. त्या लेण्यांपाशी पाण्याची टाकी नाहीत. तेव्हा भिक्षू पावसाळ्यापुरते तेथे राहत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. लेण्याचे वय आणि वापर पाण्याच्या खुणांवरून ओळखावा, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. पुरातत्त्वाचा माणूस आणि पाण्याचा माणूस एकमेकांशेजारी उभे राहिले तरच ती लाभते.

आता दीड हजार वर्षे ओलांडून एकदम इंग्रजी अमदानीत येऊ. डोंगर तोच आहे. १८५४ साली मुंबईत पाण्याचा असा दुष्काळ पडला, की बाहेरून पाणी आणण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. हेन्री कॉनिबेअर ह्या अभियंत्याने साष्टीच्या खोऱ्यांची पाहणी केली आणि १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात पोहोचले. १८७९ मध्ये तुळशी झाला, पुढे दहा-बारा वर्षांत पवई. विहार आणि तुळशी ह्यांचे पाणी निर्मळ राहावे म्हणून भोवतालचे पाणलोट बंदिस्त ठेवण्यात आले. रान राखावे असा कोणाचाही हेतू नव्हता. राखायचे होते ते पिण्याचे पाणी. पण त्या मिषाने रान वाचले, आणि आज शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ज्या मुंबईकरांना अभिमानाचे वाटते, त्याच्या पोटात हे दोन्ही तलाव आहेत.

वरचे पाणी असे जपले गेले. खालच्या पाण्याचे काय? विहार आणि पवई भरून वाहू लागले, की त्यांचे पाणी मिठी नदीने माहीमच्या खाडीला जाते. उणापुरा अठरा किलोमीटरचा हा प्रवाह कुर्ला, कालिना, वांद्रे असा जाता जाता प्रत्येकाच्या हद्दीत थोडा थोडा आक्रसत गेला. कोणी भराव घातला, कोणी भिंत बांधली, कोणी तो वळवला. प्रत्येकाने आपापला तुकडा तेवढा पाहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊस होता जेमतेम पाऊणशे मिलिमीटर! एका शहरात पावसाची दोन टोके. आणि मधल्या अंतरात नेमके किती पडले हे सांगणारी यंत्रे पुरेशी नव्हती. शेकडो माणसे गेली. त्यानंतर ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने नदीचे खोरे सबंध धरून विचार केला. पालिकेने पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली. हे सारे योग्यच झाले. पण कान्हेरीच्या पाथरवटांचा क्रम येथे उलटा झाला होता. घाव आधी बसला, मोजणी मागाहून आली.

सहकाराने मोजणी करण्याची आधुनिक रीत ह्या शहराला नवी होती असेही नाही. १८८३ च्या सप्टेंबरात आठ गृहस्थ भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात जमले आणि निसर्गाच्या अभ्यासासाठी त्यांनी एक मंडळी स्थापन केली. तीच आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांपैकी दोघे आपले होते: प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांतले डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि डॉक्टर सखाराम अर्जुन. डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून मराठी वाचक सखाराम अर्जुनांना ओळखतो. ते औषधी वनस्पतींचे जाणते होते हे मात्र विसरला आहे. मंडळीचे त्रैमासिक १८८६ पासून निघू लागले. वनाधिकारी, डॉक्टर, रेल्वेचे अभियंते, चहामळ्यांचे व्यवस्थापक, ज्याला जे दिसले ते त्याने लिहून पाठवावे आणि बाकीच्यांनी ते पडताळावे, असा तो व्यवहार होता. १९११ साली ह्याच मंडळीने लोकवर्गणी काढून हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली आणि ती बारा वर्षे चालवली. सरकारी हुकूम नव्हता, विद्यापीठाची पदवी मिळायची नव्हती. सालिम अलींसारखा माणूस ह्याच वातावरणात घडला.

ही परंपरा तुर्भ्याच्या चिखलापर्यंत पोहोचली ती मात्र वेगळ्याच वाटेने. १९५४ मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जेच्या संशोधनाचे केंद्र निघाले. १९५६ च्या ऑगस्टात 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी चालू झाली. होमी भाभांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये, केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. शेजारी माहुलला त्याच सुमारास तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने आले, टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले, नंतर खतांचा कारखाना आला. देवनारच्या बाजूला शहराचा कचरा तर १९२७ पासूनच पडत होता. खाडीच्या एका कडेवर एवढा बोजा दुसऱ्या कोठे पडला असेल असे मला वाटत नाही.

पण ह्याच तुर्भ्यात खाडीचे पहिले काटेकोर मोजमापही सुरू झाले. बंदरातून उपसलेला गाळ समुद्रात टाकला, तर तो पुन्हा बंदरात परततो की काय, हा बंदराचा जुना प्रश्न होता. पन्नासच्या दशकाच्या शेवटी येथील शास्त्रज्ञांनी स्कँडियम ह्या धातूचे किरणोत्सारी रूप मिसळलेली काच गाळाच्या कणांइतकी बारीक दळली, ती तळाशी सोडली आणि होडीतून यंत्र ओढत ती कोणत्या दिशेने सरकते हे पाहिले. गाळाला जणू खूण बांधून सोडले! किरणांचे ज्ञान एकाचे, लाटांचे दुसऱ्याचे आणि गरज तिसऱ्याची, असा तो जुळलेला मेळ होता. ए. के. गांगुली ह्यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली अणुभट्टीच्या सांडपाण्याचा माग खाडीतील गाळ, शेवाळ, मासे आणि शिंपले ह्यांत घेतला जाऊ लागला. सीझियमसारखे द्रव्य चिकणगाळाच्या कणांना घट्ट धरून बसते, म्हणून पाणी तपासून भागत नाही, चिखल तपासावा लागतो, हे ज्ञान अशाच कामांतून पक्के झाले. मोजणारे आणि सांडपाणी सोडणारे एकाच छपराखाली होते, ही गोष्ट मी डोळ्याआड करीत नाही. तरी मोजण्याची शिस्त येथे लागली, तिचे मोल कमी होत नाही.

ह्याच खाडीची आणखी एक मोजदाद कागदावर कधी उतरलीच नाही. तुर्भ्याच्या कोळीवाड्यातले जुने लोक चंद्राच्या तिथीवरून उधाण आणि भांग सांगतात. कोणत्या तिथीला पाणी तिवरांच्या कोणत्या रांगेपर्यंत चढेल, कोठे निवट्या मिळतील, कोठे चिंबोरी, कोठला चिखल पाय धरून ठेवील, हे त्यांना तोंडपाठ असते. तिवरांच्या मुळांशी माशांची पिले वाढतात हे पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी त्यांना ठाऊक होते, कारण तिवरे तुटली की डोलीत मासळी कमी येते, हा त्यांच्या पोटाचा हिशेब आहे. शास्त्राने ह्या माणसांना नोकेचे वल्हे मारायला पुष्कळदा घेतले; नोंदवहीत त्यांचे म्हणणे घेतले ते क्वचितच.

तिवरांच्या कथेला पुढे चांगले वळण लागले, आणि ते नकाशामुळे लागले. २००४ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ह्या संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने तिवरांची तोड थांबवली, उपग्रहाच्या साहाय्याने सगळ्या तिवरांचे नकाशे करवले आणि सरकारी जमिनीवरची तिवरे वनखात्याकडे सोपवण्यास सांगितले. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष निघाला. सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल लागला, त्यात तिवरांभोवतीच्या पन्नास मीटरांच्या पट्ट्यालाही संरक्षण मिळाले. नकाशा नसता तर 'येथे तिवरे नव्हतीच' असे म्हणायला कोणाचीही जीभ अडखळली नसती. मोजणी निर्णयाच्या आधी झाली, की कायद्याच्या हातात काठी येते, ती अशी.

उलट उदाहरण डोंगरातले आहे. २००२ ते २००४ ह्या काळात राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांनी अनेक माणसे मारली. उपाय म्हणून दिसेल तो बिबट्या पिंजऱ्यात धरून दुसऱ्या रानात नेऊन सोडण्याचा सपाटा सुरू झाला. तोच उपाय जुन्नर भागात झाला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की बिबटे सोडलेल्या जागांच्या आसपास हल्ले वाढले होते. धरलेला बिबट्या आपल्या मुलखाकडे परतू पाहतो, आणि त्याची रिकामी जागा दुसरा भरून काढतो. २०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये ह्यांच्या पुढाकाराने वनखाते, संशोधक, नागरिक आणि पत्रकार ह्यांनी एकत्र बसून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. आदिवासी पाड्यांवरच्या लोकांचे म्हणणे ऐकले गेले. वाघोबाला शेंदूर लावणारी ही माणसे ह्या जनावराच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली होती. कचरा उचला, त्यावर पोसलेली कुत्री कमी होतील, कुत्र्यांमागे वस्तीत येणारा बिबट्याही कमी येईल, इतका साधा उपाय त्यातून निघाला. २०१५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यांनी ३५ बिबट्यांची नोंद केली. पिंजऱ्यांचा सपाटा थांबला. शहाणपण आले, पण त्याची किंमत आधी मोजली गेली, ती माणसांच्या प्राणांनी.

आता पुन्हा खाडीकडे. शिवडी ते ठाणे ह्या चिखलावर नव्वदच्या दशकापासून हजारोंनी रोहित पक्षी उतरू लागले. त्यांतील बहुसंख्य लहान रोहित; तो निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतो. शहराच्या मैल्यामुळे हे शेवाळ माजले आणि म्हणून पक्षी आले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. गुलाबी थवे दिसले म्हणजे खाडी निरोगी झाली असे समजू नये, एवढे त्यातून घ्यावे. २०१५ च्या ऑगस्टात खाडीचा १६९० हेक्टरांचा भाग अभयारण्य झाला. २०२२ मध्ये रामसर यादीत तिचे नाव गेले.

त्याच खाडीच्या मुखावरून शिवडी ते न्हावा-शेवा हा बावीस किलोमीटरांचा पूल जायचे मात्र आधीच ठरलेले होते. पुलाचे काम आणि पक्ष्यांचा दहा वर्षांचा अभ्यास ही दोन्ही २०१८ मध्ये सुरू झाली. अभ्यास सोसायटीकडे सोपवला गेला. जानेवारी २०२४ मध्ये पूल खुला झाला. त्याला शिवडीकडे आवाज अडवणारे पडदे आहेत ते पक्ष्यांसाठी, आणि तुर्भ्याकडे नजर अडवणारे पडदे आहेत ते अणुकेंद्रासाठी. ह्या अभ्यासात २०२२ च्या जानेवारीत सहा रोहितांच्या पाठीवर लहानशी यंत्रे बसवली गेली. त्यांतल्या एकाचे नाव सालिम, एकाचे हुमायून. सोसायटीच्या जुन्या पक्षितज्ज्ञांची ही आठवण. हुमायून पावसाळ्याच्या तोंडी गुजरातकडे गेला आणि परतून ह्याच खाडीत आला.

यंत्रांनी आणि दुर्बिणींनी मिळून जे दाखवले ते फार महत्त्वाचे आहे. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल झाकला की उठून नेरूळ-सीवूडच्या आणि भांडुपच्या पाणथळींत जाऊन बसतात. अभयारण्याची रेघ खाडीभोवती आहे. भरतीच्या वेळची बैठक बरीचशी रेघेबाहेर. एका तीरावरची पाणथळ बुजली, तर दुसऱ्या तीरावरचे अभयारण्य दिवसाचे दोन वेळा निरुपयोगी होते. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तलावात भरतीचे पाणी येणे बंद झाले होते आणि तेथे पक्षी मेले. २० मे २०२४ च्या रात्री तर घाटकोपरवर एका विमानाची धडक बसून सुमारे चाळीस रोहित वस्तीत कोसळले. ते कोठून उठून कोठे निघाले होते, ह्यावर मग पुष्कळ चर्चा झाली. भरती-ओहोटीच्या वेळा, पाणथळींची अवस्था आणि विमानांचे मार्ग हे तीन तक्ते तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत असतात. ते एका मेजावर आधी मांडले असते, तर चर्चा निदान वेळेवर झाली असती.

माझे म्हणणे एवढेच आहे. ह्या प्रदेशात जाणत्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. कान्हेरीचे पाथरवट, १८८३ चे आठ गृहस्थ, तुर्भ्याचे शास्त्रज्ञ, कोळी, पाड्यांवरची माणसे, न्यायालयात नकाशा मागणारे नागरिक. ही मोठी मिरासदारी आहे. उणीव आहे ती एका प्रथेची: भराव, भिंत, पिंजरा वा पूल ह्यांवर सही होण्यापूर्वी ह्या सर्वांच्या वह्या एकत्र उघडण्याची. दहा वर्षांचा अभ्यास आता अर्ध्याहून अधिक संपला आहे. तो पुरा होईल तेव्हा त्याचा अहवाल दोन्ही तीरांच्या नगरपालकांपुढे आणि कोळीवाड्यांपुढे मराठीत ठेवला जावा, आणि नेरूळच्या पुढच्या भूखंडाची सही तोवर थांबावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही. भरती मात्र कोणासाठी थांबत नाही. आजही ती दिवसातून दोन वेळा येते आणि पक्ष्यांना बसायला जागा विचारते.